एकवीस भाकरींचं उद्यापन

माझी दिशा पशुसंवर्धनाची पदविका घेऊन राजुरीला परत आली, त्याच आठवड्यात मी तिच्या नोकरीसाठी एकवीस सोमवार धरले. पहाटे आंघोळ, महादेवाला बेल, आणि गाईच्या मुखी एक भाकरी घातल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा नाही. आमच्याकडे गाय नाही. सासऱ्यांची मेंढरं होती, आता दहा-बारा शेळ्या उरल्यात. म्हणून गोग्रास घेऊन मी शेजारच्या धर्माजीभाऊंच्या गोठ्यात जायची. त्यांची कपिला मला पायरवावरून ओळखायची.

तोवर दिशाला दोन ठिकाणांहून परत पाठवलं होतं. एका डेअरीतले साहेब म्हणाले, "पोरगी आहेस, गाय उधळली तर काय करशील?" घरी येऊन ती मलाच म्हणाली, "आई, गाय उधळल्यावर पोरगाबी पळतोच की!"

मग आळेफाट्याच्या स्नेहल मॅडमचा फोन आला. त्या गुरांच्या डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात एक मदतनीस हवा होता. शेवटी दोघंच उरले, दिशा आणि ओतूरचा मोहित. मॅडम म्हणाल्या, "मुलाखत-बिलाखत नाही. धनत्रयोदशीला दिवसभर माझ्याबरोबर फिरा. संध्याकाळी सांगते."

आदल्या दिवशी वसुबारस. माझे सोमवार पुरे झाले होते, म्हणून उद्यापन त्याच दिवशी धरलं. गल्लीतल्या बायका कपिलेला ओवाळून, भाकरी-गूळ भरवून गेल्या. सगळ्या गेल्यावर मी एकटी गेले. एकवीस भाकरी आणि गूळभाताचं पातेलं. कपिला खात राहिली, मी भरवत राहिले. कुणाला सांगितलं नाही. देवाला दिलेलं बोलून दाखवलं तर फळ जातं, असं माझी आई सांगायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी धर्माजीभाऊंचा आवाज ऐकू आला. कपिलेनं सकाळपासून वैरणीला तोंड लावलं नव्हतं, उभी राहताना झोकांड्या जात होत्या. त्यांनी स्नेहल मॅडमना बोलावलं होतं, आणि गाडीतून मॅडमच्या मागे मोहित आणि माझी दिशा उतरली. मी कुंपणाशी उभी राहिले.

"आधी तुम्ही दोघं बघा," मॅडम म्हणाल्या.

मोहितनं थर्मामीटर लावला. "ताप नाही मॅडम. उलट थोडं कमीच आहे. विशेष काही वाटत नाही. भुकेचं इंजेक्शन देऊ."

दिशानं कपिलेच्या डाव्या कुशीत मूठ रोवली आणि घड्याळाकडे बघत थांबली. मेंढरं होती तेव्हा तिचे बाबा त्यांच्या पोटावर असाच हात ठेवून उभे राहायचे. मूठ हलवली तसं आत पाणी डचमळल्यासारखं वाजलं. मग ती वाकली, शेणाचा वास घेतला, काडीनं चिवडून बघितलं.

"पोट बंद पडलंय. दोन मिनिटांत एकदाबी हाललं न्हाई," ती म्हणाली. "शेण आंबलंय, आणि त्यात भाताची शितं हायेत. काका, हिनं काल काय खाल्लं?"

"काय खानार? मका, कडबा, रोजचंच!" धर्माजीभाऊ तडकले. "आता शेळ्या राखणाऱ्याची पोर मला गाय शिकवनार व्हय?"

"बायकांनी भरवलं असंल ना, वसुबारस व्हती."

"घरटी येक तुकडा. तेवढ्यानं गाय पडती का? मॅडम, ह्या पोराचं ऐका, द्या इंजेक्शन."

मॅडम दिशाकडे बघत होत्या. "ह्याहून जास्त खाल्लंय, काका. आणखी काय दिलं व्हतं?" दिशा म्हणाली. आवाज चढला नाही, पण मागेही हटला नाही. तिच्याकडे शितांखेरीज पुरावा नव्हता, आणि पुरावा तर कुंपणाशी उभा होता. बोलले तर एकवीस सोमवारांचं फळ जाणार. नाही बोलले तर पोरगी खोटी पडणार, गाय मरणार. देवाची माफी मी मनातच मागितली.

"भाऊ, मी दिलं," मी म्हणाले. "एकवीस भाकऱ्या. आणि पातेलंभर गूळभात."

धर्माजीभाऊ माझ्याकडे वळले. "वहिनी, अवो गाय हाय का पंगत?"

दिशानं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "किती वाजता?" एवढंच विचारलं, जसं कुठल्याही मालकाला विचारावं.

"दिवेलागणीला."

"म्हणजे अठरा-वीस तास झालं. मॅडम, खायचा सोडा पाण्यात कालवून पाजूया का? सलाईनपण लागंल."

"पाजा," मॅडम म्हणाल्या.

मोहितनं कपिलेचं तोंड आभाळाकडे उचललं. दिशानं त्याचा हात खाली आणला. "एवढं वर नको, मोहित. पाणी फुफ्फुसात जाईल." मग तिनं थोडं थोडं, गिळायला वेळ देत पाजलं. सलाईनसाठी मानेची शीर तिला पहिल्याच वेळी सापडली.

बाटली संपेपर्यंत दिवे लागले. कपिलेनं ढेकर दिला आणि कडब्याची एक काडी ओढली. धर्माजीभाऊ दोनदा खाकरले. "पोरी, तोंडातून गेलं माझ्या. मनावर घेऊ नगं."

मॅडम हात धूत होत्या. "औषध मी कुणालाही शिकवते," त्या म्हणाल्या. "पण मालक चिडलेला असताना तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायला छाती लागते. दिशा, पाडव्यानंतर सकाळी आठला ये. मोहित, तुझा हात चांगला आहे. खोडदच्या दवाखान्यात जागा आहे, मी बोलते." मग माझ्याकडे वळल्या. "तिचं पहिलं काम मात्र उद्याच. तुम्ही गल्लीतल्या बायकांना गोळा करा, गाईला काय द्यायचं ते दिशा सांगेल."

दुसऱ्या दिवशी धर्माजीभाऊंच्या अंगणात पंधरा-सोळा जणी जमल्या. दिशा उभी राहिली, पण तिच्याआधी मीच उठले. चारचौघींत मी कधी तोंड उघडत नाही. "कपिलेला मी आजारी पाडलं," म्हटलं, "आणि माझ्या लेकीनं बरं केलं. आता तिचं ऐका."

दिशानं सगळं समजावलं. धान्य, गूळ, शिजवलेलं अन्न पोटात कसं आंबतं, किती द्यावं, कधी थांबावं. धर्माजीभाऊंच्या प्रयागबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मग आता काय, गाईला नुसता नमस्कार करायचा व्हय गं?"

"नमस्कार पोटभर करा, काकू," माझी पोरगी म्हणाली. "भाकरी मात्र अख्ख्या गल्लीची मिळून एकच."