हॉटेलात गेलेले हिरवे झगे

मोठ्या कंपनीतली आठ वर्षांची नोकरी सोडून ती एका लाँड्रीत प्रोग्रामर म्हणून रुजू झाली, तेव्हा नवऱ्याने कपाळावर हात मारला होता. तिकडे काय नव्हतं? फुकट कॉफी, झोपाळे, भिंतभर रंगवलेलं ‘तुम्हीच आमची संपत्ती’. फक्त काही बिघडलं की या संपत्तीला अकरा जणांसमोर उभं करून विचारायचे, हे कोणी केलं? तिने असल्या मीटिंगा पुष्कळ सोसल्या आणि एक दिवस रामराम ठोकला.

इथे तिची खोली इस्त्रीखात्याच्या मागे, कोंदट. खुर्ची मात्र मालकीणबाईंनी दुकानात स्वतः बसून, पाठ टेकून बघून आणलेली. कामगार तिला कॉम्प्युटरबाई म्हणत.

तिसऱ्याच आठवड्यात कॉम्प्युटरबाईंनी दिवे लावले. धुतलेल्या गठ्ठ्यांवर पत्ता छापणारा तिचा नवा प्रोग्राम सुरू झाला, आणि ऑपरेशनचे हिरवे झगे गेले हॉटेलात, हॉटेलचे गुबगुबीत झगे हॉस्पिटलात. तीन वाजता पहिला फोन आला. नोकरी अजून कायम व्हायची होती. गेली तर घरी काय तोंड दाखवायचं?

मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हिने कबुलीजबाब तयार ठेवला होता, पण त्यांनी भलतंच विचारलं.

“कुठे बिघडलंय ते कळलं का?”

“कळलं. पण बाई...”

“पाचला पुढच्या गाड्या सुटतात. तोवर होईल?”

“मध्ये कोणी बोललं नाही, तर होईल.”

“मग मी बसते बाहेर.” त्यांनी दार लावून घेतलं आणि स्टूल ओढल्याचा आवाज आला.

ड्रायव्हर आला, त्याला मालकीणबाईंनी परत लावलं. लाँड्रीचा मॅनेजर तणतणत आला, त्यालाही. “काय विचारायचंय ते मला विचारा. आत काम चाललंय.” फोन तर सारखे खणखणत होते. आत तिची बोटं कामाला लागली. तिच्या प्रोग्राममध्ये यादीतल्या दोन गिऱ्हाइकांची नावं वरखाली झाली होती आणि पत्ते मात्र जागचे हलले नव्हते. एवढंसं, पण केवढ्याला पडलं!

पावणेपाचला ती बाहेर आली. मालकीणबाईंचा घसा बसला होता.

“झालं. चार वेळा छापून बघितलं. पण बाई, चूक माझीच होती. हॉटेलवाले, हॉस्पिटलवाले विचारत असतील ना, कोणाची म्हणून?”

“विचारलं की. दोघांनीही.”

“मग?”

“आमची, म्हटलं.” त्या कंबर दाबत उठल्या. “परत होऊ नये म्हणून काय लागेल, ते उद्या सांग. सावकाश.”

तिला एकदम भरून आलं. तेवढ्यात मालकीणबाईंच्या हातातला फोन पुन्हा वाजला. हॉस्पिटलच होतं.

तिने डोळे पुसले आणि फोन आपल्या हातात घेतला.

“नमस्कार,” ती म्हणाली, “आमच्याकडून चूक झाली.”