हिरव्या पट्टीवरची अक्षरं

“काका, खरं सांगू? लेन्समध्ये काही खोट नाही. एकदम टकाटक है.”

देवेशनं हातभर लांबीची ती लेन्स काउंटरवर आडवी ठेवली. गुलमंडीतल्या त्याच्या कॅमेऱ्याच्या दुकानात श्रीनिवासराव सेलूकर पुन्हा एकदा तक्रार घेऊन आले होते. पहिली तक्रार कॅमेऱ्याबरोबर आलेल्या छोट्या लेन्सची होती. तिच्यात पक्षी मुंगीएवढा दिसे. मग तीनशे मिलिमीटरची घेतली; तिच्यात पक्षी दिसे, पण पिसं दिसत नसत. आता ही सहाशेची देवेशनं ओळखीखातर वापरायला दिली होती, तर हिच्यात सगळं मोठं दिसत होतं आणि सगळंच पुसट.

“मग फोटो असे का येतात?” श्रीनिवासराव म्हणाले. “कारखान्यातूनच वाकडी आली असणार. होतं असं.”

देवेशनं अल्बमच्या चळतीवर कॅमेरा टेकवला, समोरच्या कापडदुकानाच्या पाटीवर नेम धरला आणि बटण दाबलं. मग फोटो मोठा करून त्यांच्यापुढं धरला. पाटी रंगवताना ब्रशचा एक केस रंगात चिकटून राहिला होता, तोसुद्धा दिसत होता.

“आता तुम्ही काढा, काका. हातात धरून.”

श्रीनिवासरावांनी कॅमेरा उचलला, श्वास रोखला, बटण दाबलं. देवेशनं फोटो पाहिला. मग त्याची नजर श्रीनिवासरावांच्या उजव्या हातावर गेली आणि तिथून लगबगीनं उठून बाहेर रस्त्यावर गेली. तो स्वच्छ असलेली लेन्स पुन्हा पुसायला लागला.

“चहा सांगू का?”

“नको,” श्रीनिवासराव म्हणाले आणि लेन्स घेऊन निघाले.

श्रीनिवासराव नगररचना खात्यात आरेखक होते. हे शहर आधी त्यांच्या टेबलावर वाढलं आणि मग बाहेर. शहराच्या कडेचा सातारा परिसर असो की बीड बायपास, ज्वारीच्या वावरातून पहिला रस्ता गेला तो त्यांच्या शाईच्या पेननं. बुलडोझर मागाहून आले. पट्टी न लावता ते अशी सरळ रेघ ओढत की नवा साहेब रुजू झाला की हेडक्लार्क त्याला मुद्दाम त्यांच्या टेबलापाशी आणून उभा करी. रेघ संपेपर्यंत बघणाराही श्वास घेत नसे. पुढं कॉम्प्युटर आले आणि सरळ रेघ कुणालाही काढता यायला लागली. ते दुःख त्यांनी पचवलं. हात तर आपलाच होता.

तो हातही आता आपला राहिला नव्हता. गेल्या पावसाळ्यापासून, म्हणजे जो पडलाच नाही त्या पावसाळ्यापासून, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपल्या मनानं हलायला लागली होती. श्रीनिवासरावांनी हात खिशात घालून चालायची सवय लावून घेतली. डॉक्टरचं नाव काढलं नाही. यमुनाबाईंना यातलं काही कळलेलं नाही याची त्यांना पक्की खात्री होती. बायकोला काही कळलेलं नाही अशी खात्री बाळगणारे नवरे जगात पुष्कळ असतात, त्यातलेच हे एक.

कॅमेरा त्यांना मृण्मयीनं, पुण्यातल्या लेकीनं, निवृत्तीला घेऊन दिला होता. तो घेऊन ते स्कूटरवर पैठणच्या बाजूला जात. त्या वर्षी नाथसागर इतका आटला होता की पाण्यापर्यंत पोचायला मैलभर गाळ तुडवावा लागे. उघड्या पडलेल्या गाळावर लोकांनी हरभरा आणि गहू पेरला होता. तिथंच जानेवारीत एका सकाळी त्यांना तो थवा दिसला.

राखाडी अंगाचे, बदकापेक्षा मोठे पक्षी. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या आडव्या रेघा. इतक्या स्वच्छ की श्रीनिवासरावांच्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की ह्या कुणी ओढल्या? घरी येऊन त्यांनी पुस्तक काढलं. पट्टकादंब. तिबेट, मंगोलियाकडचे रहिवासी. हिवाळ्यात हिमालय ओलांडून खाली येतात. जिथं माणसाला चार पावलं टाकायला श्वास पुरत नाही, तिथं हे पंख मारत असतात. श्रीनिवासरावांनी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. आपल्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येतं, धरणाचा तळ दिसतो, आणि कुणीतरी जगातले सगळ्यात उंच डोंगर ओलांडून नेमकं ह्याच डबक्यावर उतरतं. त्यांना गहिवरून आलं. ते यमुनाबाईंना सांगायला स्वयंपाकघरात गेले, पण “पक्षी आहेत” एवढंच म्हणून परत आले.

त्या थव्यातल्या एकाच्या गळ्यात हिरवी पट्टी होती. पट्टीवर पांढरं काहीतरी लिहिलेलं.

“बाबा, ती अभ्यासकांनी घातलेली असते,” मृण्मयी फोनवर म्हणाली. “त्यावरची अक्षरं वाचता आली तर तो कुठून आला ते सांगतात. पण अक्षरं स्पष्ट हवीत. नुसतं दिसला म्हणून नाही चालत.”

जन्मभर नकाशे काढलेला माणूस. स्वतः नागपूर आणि तिरुपतीच्या पलीकडं गेला नव्हता. त्याला आता त्या पक्ष्याचं गाव हवं होतं. दुसरं काही नको होतं.

पण अक्षरं हाती लागेनात. दुपारी उजेड भरपूर, हात हलला तरी फोटो निमिषात निघे. मात्र तापलेल्या गाळावरची हवा अशी थरथरे की पट्टीचं नुसतं हिरवं पाणी होई. पहाटे हवा गार आणि स्तब्ध, पण उजेड कमी. कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागे, आणि तेवढ्यात बोटं हलत. लेन्स जितकी लांब, तितकी ती पक्ष्याबरोबर हाताची थरथरही मोठी करून दाखवी. तिकाटणं नेऊन पाहिलं, तर त्याचे पाय गाळात रुतून एका अंगाला कलले. दुपारी हवा हलायची, पहाटे हात. हे श्रीनिवासरावांना केव्हाच कळलं होतं, तरी ते लेन्स बदलत राहिले. लेन्स बदलता येते.

आणि वेळही उरला नव्हता. फेब्रुवारी संपत आला होता. पक्षी परतायचे दिवस जवळ आले होते, त्यात काकासाहेबांनी आपला निकाल सांगून टाकला. काकासाहेब म्हणजे ज्यांच्या हरभऱ्यात हा थवा उतरत असे ते शेतकरी.

“सायब, तुमच्या पाव्हन्यांनी माझा हरभरा पार बोडखा केला बगा.”

“पक्षीच ते, काकासाहेब. खाऊन किती खातील?”

“रातभर खातेत! वरून पानी नाय, धरणात पानी नाय. गाळावर चार काकऱ्या वढल्या, त्या बी ह्यांच्याच नावानं व्हय? पाचोडच्या बाजारातून सुतळी बॉम्ब आणलेत. तुमच्यासाठी आईतवारपर्यंत थांबतो. आईतवारी दिस वर आला की वात लावनार.”

“त्यातल्या एकाच्या गळ्यात पट्टी आहे हो. तेवढी वाचू द्या.”

“पट्टा हाय? मंग कुनाचं तरी पाळलेलं असंल. त्येलाच सांगा घिऊन जायला.”

देवेशच्या दुकानातून ते घरी आले तो हा रविवारचा आदला दिवस, शनिवार. यमुनाबाईंनी चहा आणून दिला. स्टीलच्या पेल्यात, अर्धाच. मग आतून एक पिशवी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. जुन्या सतरंजीच्या कापडाची, उशीएवढी, चारी बाजूंनी शिवलेली, आणि चांगलीच जड.

“हे काय?”

“लेन्सखाली ठेवायला. मृण्मयीला विचारलं मी. ती म्हणाली, अशी पिशवी जमिनीवर ठेवायची, तिच्यावर लेन्स ठेवून पालथं झोपायचं. मग हलत नाही. वाळू भरतात म्हणे. मी ज्वारी भरली.”

“काय हलत नाही?” श्रीनिवासरावांचा आवाज चढला.

यमुनाबाईंनी पिशवीचा एक कोपरा सारखा केला. “लेन्स,” त्या म्हणाल्या.

श्रीनिवासरावांनी हातातल्या पेल्याकडं पाहिलं. मग मांडणीकडं. तिथं कपबशा धुऊन ओळीनं लावलेल्या होत्या, आणि त्यांच्यावर धूळ होती. दिवाळीपासून ह्या घरात कपबशी वाजलीच नव्हती. यमुनाबाईंच्या हातातही स्टीलचाच पेला होता. ज्या बाईचा सकाळचा चहा लग्नापासून बशीत ओतल्याशिवाय घशाखाली उतरत नसे, ती चार महिने पेल्यातून पीत होती, नवऱ्याला वेगळं वाटू नये म्हणून. त्यांना एकदम लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग असं काहीतरी वाटलं, जे त्या पक्ष्यांचं पान वाचताना वाटलं होतं.

“कधीपासून कळलं तुला?”

“उद्या कधी निघायचं?”

“तू कशाला?”

“पिशवी कोण धरणार?”

रविवारी पहाटे, पैठणच्या वाटेवर, बिडकीनच्या पुढं अजून अंधारच होता. जिथं शेतं होती तिथं रुंद रस्त्यांची आखणी झाली होती. ती त्यांच्या हातची शेवटची मोठी रेघ. स्कूटरवर मागं यमुनाबाई ज्वारीची पिशवी लेकरासारखी कवटाळून बसल्या होत्या.

काकासाहेबांच्या बांधापासून पुढं ते दोघं वाकून, मग रांगत गेले. आयुष्यात कधी उघड्यावर न लवंडलेल्या यमुनाबाई नऊवारीला शोभेल अशा ठसक्यानं पाचवारी आवरून ओल्या गाळावर पालथ्या झाल्या. पूर्वेला फटफटलं. आणि समोरचा राखाडी गाळ हळूहळू हलायला लागला. ती ढेकळं नव्हती. तो थवा होता.

“अगंबाई,” यमुनाबाई कुजबुजल्या. पुढं त्यांना शब्द सापडला नाही.

हिरवी पट्टी कडेलाच होती. श्रीनिवासरावांनी पिशवीत खळगा करून लेन्स बसवली. डाव्या हातानं कडं फिरवून पक्ष्याचा डोळा स्पष्ट केला. लेन्स जागची हलत नव्हती. ज्वारीनं आपलं काम चोख केलं होतं. पण उजवं बोट बटणाकडं गेलं की सगळा कॅमेरा थरथरे. एक फोटो. दुसरा. हिरवा फराटा, दुसरं काही नाही. मागं सूर्याची कोर वर येत होती. थव्यातल्या एकदोघांनी माना उंचावल्या.

ऑफिसात त्यांच्या कागदावर दुसऱ्या कुणी शाईचं पेन टेकवलेलं त्यांना कधी खपलं नव्हतं. साहेबांनासुद्धा नाही. श्रीनिवासरावांनी उजवा हात कॅमेऱ्यावरून काढला आणि छातीखाली दाबून धरला.

“यमुना,” ते म्हणाले. “तू दाब.”

“मी? मला कुठं येतं त्यातलं?”

“मी सांगेन तेव्हा. अलगद. पोळीची कणीक भिजली का बघतेस ना, तसं.”

यमुनाबाईंनी बोट ठेवलं. पक्ष्यानं मान वळवली. श्रीनिवासरावांचा श्वास थांबला, जसा पूर्वी रेघ ओढताना थांबत असे.

“आता.”

यमुनाबाईंनी बटण दाबलं आणि त्या आवाजासरशी सगळा थवा उठला. डोक्यावरून इतक्या खालून गेला की पंखांचा वारा दोघांच्या केसांत शिरला. एवढे पंख एकदम वाजताना त्यांनी कधी ऐकले नव्हते. हिमालयावर हाच आवाज होत असेल, आणि तिथं ऐकायला कुणी नसेल. श्रीनिवासराव उताणे होऊन बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

काकासाहेब हातात बॉम्बची पिशवी घेऊनच आले. “गेले का?”

श्रीनिवासरावांनी फोटो मोठा केला. पट्टीवरची अक्षरं कोरल्यासारखी दिसत होती: के ४७. डोक्यावरच्या दोन्ही रेघा, डोळ्यातला उजेडाचा ठिपका, चोचीवरचा दवाचा थेंब.

“आन ह्यो चोचीत माझा हरभरा!” काकासाहेब ओरडले. “पाला वळखू येतोय की वो!” मग त्यांचा आवाज उतरला. “कुठून आलं म्हनलात ह्ये?”

“हिमालयाच्या पलीकडून.”

“उडत?”

“उडत.”

काकासाहेबांनी उत्तरेकडं पाहिलं. मग आपल्या बोडख्या वावराकडं. “एवढ्या लांबून,” ते म्हणाले, “आन माझ्याच वावरात?” पिशवीला गाठ मारून त्यांनी ती काखेत धरली. “ऱ्हाऊ द्या. दिवाळीला पोरं वाजवतील.”

लेन्स परत घेताना देवेशनं फोटो पाहिला आणि टाळीच दिली. “क्या बात है! कुणी काढला, काका?”

“आम्ही,” श्रीनिवासराव म्हणाले.

अभ्यासकांना फोटो पाठवला, पण उत्तर यायला वेळ लागला. तोवर थवा निघून गेला होता. मृण्मयीनं फोनवर वाचून दाखवलं. “बाबा, ती मादी आहे. दोन वर्षांपूर्वी मंगोलियातल्या एका तळ्याकाठी तिला पट्टी घातली. त्यानंतर ती कुणालाच दिसली नाही. ती गेली असंच ते धरून चालले होते. तुमच्या फोटोमुळं कळलं म्हणतात, की आहे.”

“आहे,” श्रीनिवासराव म्हणाले. फोन ठेवल्यावर पुन्हा म्हणाले, “यमुना, ती आहे.”

“हं,” यमुनाबाई म्हणाल्या. “उद्या डॉक्टरकडं जायचंय. दहाची वेळ घेतलीय.”

ते नाही म्हणाले नाहीत. यमुनाबाईंचा हात सवयीनं पेल्यांकडं गेला.

“कपबशीत दे,” श्रीनिवासराव म्हणाले.

यमुनाबाईंनी वळून पाहिलं. मग मांडणीवरच्या दोन कपबशा काढून धुतल्या, चहा काठोकाठ ओतला. श्रीनिवासरावांनी आपली कपबशी स्वतः उचलली. स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत ती वाजत राहिली, आणि दोघांपैकी कुणीही नजर दुसरीकडं वळवली नाही. बराचसा चहा बशीत सांडला. श्रीनिवासराव ओसरीवर टेकले आणि दोन्ही हातांनी बशी तोंडाला लावून त्यांनी तो पिऊन टाकला.