टोपाचा पाव फेरा

मुलांनो, थोडी कल्पना करा. तुम्ही शाळेच्या ओट्यावर ताट घेऊन ओळीत बसला आहात, पोटात कावळे ओरडताहेत, आणि स्वयंपाकघरातून वास येतो तो करपलेल्या खिचडीचा. साजगावजवळच्या एका शाळेत असं आठवड्यात दोनदा झालं.

तिथे सुंदराबाई नऊ वर्षं खिचडी शिजवत होत्या. स्वयंपाकघरावर त्यांचा भारी जीव. कुणी सांगितलं नसताना सुट्टीच्या दिवशी येऊन त्या तांदळाला ऊन दाखवत. पुढे शाळेत मुलांची संख्या वाढली, तेव्हा हर्षला नावाची नवी बाई आली. दोघींनी आळीपाळीने शिजवायचं ठरलं. हर्षला अगदी अबोल. तिथली शेगडी एका बाजूने जास्त पेटते, म्हणून तांदूळ शिजत आला की टोप पाव फेरा फिरवावा लागतो, हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून दोन्ही वेळा तिच्याच पाळीला खिचडी करपली. सुंदराबाईंना ठाऊक होतं; त्या बोलल्या नाहीत. शेवटी शाळेच्या समितीने बजावलं, खिचडी तिसऱ्यांदा करपली तर दुसरी बाई बघू. हर्षलाची पाळी उद्याच होती.

त्या दुपारी सुंदराबाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या. शेजारी त्यांची चौथीतली लेक आरोही. तेवढ्यात सोनुबाई आल्या. सुंदराबाईंच्या आधी हे काम त्याच करायच्या. टोपाचं हर्षलाला सांगितलंस का, असं त्यांनी सरळ विचारलं.

"तिला तोंड नाय?" सुंदराबाई म्हणाल्या. "इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"सगळ्यांचं तोंड तुज्यासारकं चालत नाय गं."

"ह्ये आमचं सैपाकघर नऊ वर्सं मी सांबाळलंय, मावशी."

"सांबाळलंस, खोटं नाय. पन 'आमचं' म्हटलं का समोरची उंबऱ्याभायेर राह्यते. 'आपलं' म्हन, मंग ती आत येते. आनि मला सांग, टोप फिरवायला तुला कोनी शिकवलं?"

सुंदराबाईंचा हात सुपात थांबला. शिकवलं होतं सोनुबाईंनीच, आणि तेही न विचारता, पहिल्याच दिवशी!

दुसऱ्या दिवशी पाळी नसतानाही सुंदराबाई शेगडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. वेळ झाली तसं हर्षलाच्या हातात फडकं देऊन म्हणाल्या, "आता फिरव. आपल्या शेगडीची ही खोड हाय." समितीच्या लोकांनी खिचडी चाखली आणि पुन्हा मागून घेतली. हर्षलाचं काम टिकलं.

मुलांनो, कामाची जागा आपली वाटणं चांगलंच. तसं वाटल्याशिवाय सुट्टीत येऊन तांदळाला ऊन कोण दाखवेल? पण ती एकट्याची वाटू लागली, की माहीत असलेलंही आपण दडवतो. अबोल माणसाला मदत हवी असते, फक्त मागता येत नाही. म्हणून ज्याला बोलता येतं, त्याने आधी बोलावं.

जेवणं झाली. हर्षला रिकामा टोप घासायला हापशीवर गेली. आरोही मैत्रिणींबरोबर खेळायला निघाली होती. ती अर्ध्या वाटेतून वळली, हापशीचा दांडा धरला आणि म्हणाली, "तुमी घासा काकी, मी हापसते."