सहा वाजताचे एक मिनिट

मी एक जुना पट्टा आहे. कमरेला बांधतात तो नव्हे, छातीला बांधतात तो. पळणारी माणसे मला सदऱ्याच्या आत बांधतात आणि मी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजून मनगटावरच्या घड्याळाला कळवतो. एवढेच माझे काम. आत्ता मी खोन केन गावातल्या मोठ्या तळ्याच्या काठी, बुप्फा नावाच्या शिंपिणीच्या छातीवर आहे. ऊन कलले आहे, पाण्यावर पिवळसर उजेड तरंगतो आहे, आणि सहा वाजायला थोडाच अवकाश आहे. सहा वाजता काय होईल, याची मला धास्ती वाटते. ती का वाटते, ते तेवढ्या वेळात तुम्हाला सांगतो.

मित्रांनो, माझा जन्म एका थंडगार, पांढऱ्या खोलीत झाला. तिथे मला सर्वांत आधी एका यंत्राला बांधले. ते यंत्र हृदयाचे सोंग करून टकटक करायचे. ते कधी दमायचे नाही की दचकायचे नाही. हृदय म्हणजे असेच काहीतरी असते, अशी माझी समजूत झाली. मग मी डबीत बंद झालो आणि कितीतरी दिवस नुसता अंधार होता.

ती डबी उघडली ख्रू प्रयून यांनी. ख्रू म्हणजे गुरुजी. त्यांनी जन्मभर शाळेतल्या मुलांना बँड शिकवला आणि निवृत्त झाल्यावर ते तळ्याकाठी पळू लागले. त्यांनी माझ्या दोन्ही रबरी पट्ट्या पाण्याने ओल्या केल्या, कारण कोरडा असलो की मला नीट ऐकू येत नाही, आणि मला छातीला बांधले. ते मी ऐकलेले पहिले खरे हृदय. श्वास घेताना ते किंचित घाई करायचे, श्वास सोडताना किंचित रेंगाळायचे. मी त्या चालीवर डुलत राहिलो. त्या पांढऱ्या खोलीत मला कोणी सांगितलेच नव्हते की हृदय असे असते.

काही वर्षांनी ख्रूंनी मला बुप्फाच्या हाती दिले.

"माझं मला कळतं आता," ते म्हणाले. "तुला मात्र याची गरज आहे. शाळेत ताशा वाजवायचीस तेव्हाही घाईच करायचीस. सगळा बँड मागे आणि तू पुढे."

"म्हणजे अजून विसरला नाहीत तुम्ही?"

"कसा विसरेन? पळतेस तेसुद्धा शिवणयंत्र चालवल्यासारखी."

बुप्फाला वडिलांचा चेहरा आठवत नाही. तिच्या आयुष्यात तिला रागावणारे मोठे माणूस एकच, ते म्हणजे ख्रू. म्हणून त्यांनी चिडवले की तिला बरे वाटायचे. मला ते ठोक्यांतून कळायचे.

ख्रूंचा नियम साधा होता. बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचे. हृदय ठरल्या आकड्याच्या वर गेले की घड्याळ टीटी करायचे आणि मग मुकाट्याने चालायचे. सुरुवातीला बुप्फाचे अर्धे तळे चालण्यातच जायचे. पुलापाशी उसाचा रस विकणाऱ्या मालै मावशी गाडीवरून ओरडायच्या, "अगं बुप्फा, तळ्यातली घोरपड पुढे गेली बघ तुझ्या. लाज वाटू दे जरा." बुप्फा दात ओठ खाऊन चालत राहायची. पण पावसाळा गेला, थंडी आली, आणि तेवढ्याच ठोक्यांत ती घोरपडीला आणि मालै मावशींच्या पुतण्यालाही मागे टाकू लागली. हृदय शांत आणि पाय भरधाव. मित्रांनो, ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. ती मला रोज गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घालायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "हा माझा खरा गुरू. ख्रूंना सांगू नका."

आणि मग रोज यायचे ते सहा वाजताचे मिनिट. आमच्याकडे संध्याकाळी सहाला झेंडा उतरतो आणि भोंग्यांतून राष्ट्रगीत लागते. पळणारे, चालणारे, कवायतीच्या तालावर नाचणाऱ्या बायका, सगळे जागच्या जागी थांबतात. तळ्याकाठी शेकडो माणसे असतात आणि कोणी हलत नाही. त्यांना ते गाणे ऐकू येते. मला त्या गाण्याच्या खाली एक हृदय ऐकू येते, जोरात पळून आलेले आणि आता थांबलेले. चुलीवरून उतरवलेले पातेले निवावे तसे ते निवत जाते. ख्रूंनी ही गोष्ट फार पूर्वीच हेरली होती. सहाच्या आधीचा टप्पा ते जोरात पळायला लावायचे, चिंचेच्या झाडाखाली गाणे सुरू व्हायचे, आणि गाणे संपताच ते बुप्फाचे मनगट धरून घड्याळ पाहायचे. हृदय लवकर निवले तर उद्या पळायचे. नाही निवले तर उद्या घरी बसायचे. या हिशेबात ख्रू कुणाचे ऐकत नसत.

मागच्या पावसाळ्यात ख्रूंनी जाहीर केले की येत्या जानेवारीची पूर्ण मॅरेथॉन ही त्यांची शेवटची. गुडघे आता नको म्हणतात. बुप्फा म्हणाली, "मग मी तुमच्या शेजारून पळणार. शेवटपर्यंत." तिने त्याच दिवशी जांभळे कापड आणून दोघांसाठी सारखे दोन बनियन बेतले.

ते बनियन अर्धे शिवून झाले आणि बुप्फा डेंगीने पडली. मी तिच्या दुकानातल्या खिळ्याला लटकलेलो होतो. पडद्यामागून तिचे कण्हणे ऐकू यायचे, मालै मावशी पपईच्या पानांचा कडू रस घेऊन यायच्या आणि "नाक दाब आणि गीळ" म्हणून दटावायच्या. ताप उतरला. ती उठली, खाऊ लागली, शिवणयंत्रावर बसली. चेहऱ्यावर रंगही आला. एका संध्याकाळी तिने मला खिळ्यावरून काढले आणि मला कोण आनंद झाला.

पण तिच्या छातीला लागताच मला काहीतरी वेगळे ऐकू आले. तेच हृदय, पण त्याच्या आवाजात थकवा होता. सहा वाजले, गाणे लागले, आणि मी त्याच्या निवण्याची वाट पाहत राहिलो. गाणे संपले तरी ते धावतच होते. बुप्फाने आकडा पाहिला. ख्रू जवळ येण्याआधीच तिने घड्याळावर बाही ओढली.

"पट्टा बिघडलाय, ख्रू," ती म्हणाली. "काहीच्या काही दाखवतोय."

मित्रांनो, मला तोंड नाही. मी फक्त आकडे सांगू शकतो, आणि ते मी खरेच सांगितले होते. त्या रात्री तिने मला न धुताच बटणांच्या डब्यात टाकले आणि झाकण लावले.

डब्यात शेकडो बटणे होती, शाळेच्या गणवेशांची पांढरी आणि शिपायांच्या डगल्यांची पितळी. घामाचे मीठ माझ्या अंगावर वाळले. मी अर्धवट झोपेत असायचो. वर यंत्र चालू असले की डबा थरथरायचा आणि मला वाटायचे, कुणाचे तरी हृदय चालू आहे. मी ते मोजायला लागायचो, आणि यंत्र थांबायचे. बोलण्यावरून मला कळायचे की बुप्फा अजून पळते, पण सहा वाजून गेल्यावर. तिला कोणी विचारले की सांगायची, "शाळांच्या क्रीडादिनाचे कपडे शिवायचेत, लवकर जमत नाही." खरे कारण मला ठाऊक होते. तिला त्या मिनिटात उभेच राहायचे नव्हते.

एका दुपारी ख्रू बनियनचे माप द्यायला आले.

"तो पट्टा कुठे आहे गं? दे इकडे. माझ्याकडे नवी बॅटरी आहे."

"राहू द्या हो. जुना झालाय."

"मीही जुना झालोय. दे."

झाकण उघडले आणि उजेड आत आला. ख्रू मला आणि तिचे घड्याळ घेऊन पडद्यामागे गेले. त्यांनी माझ्यावरचे मीठ बोटाने पुसले, मला ओले केले आणि बांधले. बॅटरी त्यांनी बदलली नाही. किती दिवसांनी ते रेंगाळणारे हृदय माझ्या कानी पडले. मी लगेच आकडा सांगितला, अगदी बरोबर. ख्रू तो पाहत बराच वेळ पडद्यामागे उभे राहिले. त्यांच्या हृदयाची चाल हळूहळू बिघडत गेली आणि मला समजले की त्यांनाही समजले आहे.

ते बाहेर आले तेव्हा बुप्फा खाली मान घालून यंत्र चालवत होती. यंत्रात कापड नव्हते.

"उद्या सहाला चिंचेखाली ये," ख्रू म्हणाले.

"उद्या काम आहे."

"असू दे. शर्यत मोठी आहे, त्याआधी एकदा ये."

ती आली, मला छातीला बांधून. दोघे थोडेसेच पळाले आणि गाणे लागले. गाणे चालू असताना बोलायचे नाही, हलायचे नाही. ख्रू तिच्या शेजारी असे उभे राहिले होते की तिच्या मनगटावरचे घड्याळ त्यांना दिसावे. मी माझे काम केले. एकशे अठ्ठावन्नवरून ते हृदय गाणे संपेपर्यंत फक्त एकशे एकोणपन्नासवर आले. त्या मिनिटाइतके लांब मिनिट मी कधी मोजले नाही.

"पट्टा बिघडलेला नाही," ख्रू हळूच म्हणाले.

"मला माहितीये."

"मग?"

"तुमची शेवटची शर्यत आहे, ख्रू. मी शब्द दिलाय. पायांना काही झालेलं नाही माझ्या, जमेल मला. नंतर झोपून राहीन हवं तर वर्षभर."

"आणि वाटेत पडलीस तर? मी काय करू? तुझ्या शेजारी बसून रडू की पुढे पळू?"

बुप्फाला रडू फुटले. कवायतीच्या बायकांचे संगीत पुन्हा सुरू झाले आणि त्यात ते कुणाला ऐकू गेले नाही, मला मात्र गेले. दुसऱ्या दिवशी ख्रू स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले की डेंगीनंतर कधीकधी हृदयाला सूज राहते, ती उतरेपर्यंत पळणे बंद. पुढे ते म्हणाले, हळू चालायला हरकत नाही, पण हट्टाने पळाली असतीस तर काही सांगता आले नसते.

शर्यतीच्या दिवशी मी ख्रूंच्या छातीवर होतो. अंधारातच सुरुवात झाली. बाजूने हजारो पावले पुढे निघून गेली आणि ख्रू आपल्या चालीने पळत राहिले. भातशेतांवरचे धुके, वाटेत टाळ्या वाजवणारी शाळेची मुले, हे सारे एका लांबलचक स्वप्नासारखे माझ्या जवळून सरकत होते. ऊन वर आले तेव्हा आम्ही तळ्याजवळच्या गल्लीत शिरलो. बुप्फाचे दुकान तिथेच आहे. ती जांभळे बनियन घालून दारात उभी होती. तेवढ्यात आठ वाजले, झेंडा चढायची वेळ झाली, आणि शाळेच्या भोंग्यावर सकाळचे राष्ट्रगीत लागले.

ख्रू जागच्या जागी थांबले. ती दारात ताठ उभी राहिली. दोघांच्या मध्ये एक गटार आणि दोन हात जागा. म्हातारे हृदय दमले होते, पण निवत चालले होते, आणि बुप्फाची नजर त्यांच्या मनगटावर होती.

गाणे संपले. ख्रूंनी आपल्या जांभळ्या बनियनमध्ये हात घालून मला सोडवले आणि तिच्यापुढे धरले.

"माझं झालं मोजून. आता तू घाल. इथून पुढे चालायचं."

"अहो, वेळ जाईल तुमचा. शेवटची शर्यत आहे."

"म्हणूनच म्हणतोय. तू शेवटपर्यंत शेजारी असणार होतीस ना? चल मग."

ती पडद्यामागे जाऊन मला बांधून आली. दोघे चालू लागले. मालै मावशी गाडीवरून म्हणाल्या, "ही शर्यत आहे की देवळाची प्रदक्षिणा?" ख्रू म्हणाले, "रस तयार ठेव, परत येताना दोन ग्लास." बुप्फाचे हृदय अजून थकलेलेच होते, पण ते आता कुणापासून काही लपवत नव्हते. त्याची चाल त्या दिवशी मला फार आवडली.

त्यानंतर सगळा उन्हाळा ती फक्त चालली. माझे जुने इलास्टिक सैल पडले होते. ते उसवून तिने शाळेच्या स्कर्टांना लावतात ते पांढरे इलास्टिक मला लावले आणि दुहेरी टीप मारली. परवा डॉक्टरांनी तपासून सांगितले की थोडे पळून बघा. म्हणून मित्रांनो, आज आम्ही इथे आहोत.

माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. माझ्यासारख्याला वापरून झाल्यावर धुवा, सावलीत वाळवा, हे तर कराच. पण कोणी तुम्हाला नको असलेले खरे सांगितले, तर त्याला डब्यात टाकून झाकण लावू नका. तो तुमचा वैरी नसतो. त्याला तुमचीच काळजी असते.

भोंग्यात खरखर झाली. कवायतीचे संगीत थांबले. आम्ही चिंचेखाली आहोत. ख्रू काठी टेकून शेजारी उभे आहेत, आणि बुप्फाने आज आपण होऊन बाही वर केली आहे. गाणे लागले. पाणी स्थिर, माणसे स्थिर. मी ऐकतो आहे. एकशे पन्नास. एकशे चाळीस. एकशे तीस. श्वास सोडताना ते आता किंचित रेंगाळते आहे. एकशे अठरा.

गाणे संपले. ख्रूंनी आकडा पाहिला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला.

"उद्या ये," ते म्हणाले.