पहिल्या नंबरची स्लेज

मार्च लागला की आमच्या बर्फाळ उत्तरेकडच्या, नदीकाठच्या एका शाळेत पोरांचा दुष्काळ पडायचा. उजेड वाढलेला, नदीवरचा बर्फ मात्र अजून घट्ट. कुणी बापाबरोबर मासे धरायला पळे, कुणी अंथरुणातच लोळत पडे. चौथीच्या नास्तास्याबाई त्याच गावच्या. वर्ग रिकामा दिसला की वरिष्ठांची बोलणी त्यांनाच खावी लागत. म्हणून त्या वर्षी त्यांनी कुत्र्यांनी बर्फावरून ओढायच्या गाड्यांची, म्हणजे स्लेजची, मोठी शर्यतच वर्गात आणली.

भिंतभर नकाशा लागला. प्रत्येक मुलाची एक कागदी स्लेज. शाळेत आलं की ती एक मुक्काम पुढे, दांडी मारली की जागच्या जागी. गणिताला कुत्र्यांच्या खुराकाचे हिशोब, भूगोलाला वाटेतल्या नद्या आणि खिंडी. नकाशाच्या वर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं : थांबला तो संपला. त्यात बाईंचा धाकटा भाऊ वसिली खऱ्या शर्यतीत उतरलेला; त्याचीही एक कागदी स्लेज नकाशावर लागली. पोरांच्या अंगात वारं शिरलं. वर्ग भरू लागला, मुख्याध्यापकांनी बाईंची पाठ थोपटली. सगळ्यांच्या पुढे होती ओलिंकाची स्लेज. आजीजवळ राहणारी ही अबोल मुलगी एक दिवसही चुकली नव्हती.

आणि एके सकाळी बातमी आली, वसिलीने शर्यत सोडली. अर्ध्याहून जास्त वाट कापून झाल्यावर!

वर्गात एकाने सरळच विचारलं, "टीचर, म्हणजे तुमचा भाऊ संपला?" पोरं खिदळली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी वसिलीची स्लेज नकाशावरून काढून खणात टाकली. तो घरी आला तेव्हा त्याच्यापुढे माशाचं कालवण ठेवलं, पण धड दोन शब्द बोलल्या नाहीत. मात्र तो वर्गाला भेटायला येईल असा शब्द त्यांनी मुलांना आधीच देऊन ठेवला होता.

शुक्रवारी वसिली आला. बिस्किट ही त्याची म्होरकी कुत्री घरी चुलीजवळ औषधं घेत पडली होती, म्हणून एकटाच. ती लंगडत होती का, असं मुलांनी विचारलं. तो म्हणाला, लंगडत नव्हती. खात होती, ओढत होती, शेपूटही हलवत होती. फक्त चढावर खोकायची. पहिल्यांदा त्याने कानाडोळा केला; अख्खं गाव आपल्याकडे डोळे लावून बसलंय, हेच डोक्यात. पुढे आणखी तीन कुत्री खोकू लागली, तेव्हा त्याने थांबून बिस्किटच्या छातीला कान लावला. मुक्कामावरचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, अजून एक मजल मारली असतीस तर ही गेली असती.

बाईंना राहवलं नाही. "पण मग या मुलांनी काय शिकायचं, वसिली? अवघड झालं की सोडून द्यायचं?"

"ताई, कुत्रं आपणहून थांबत नाही गं," तो शांतपणे म्हणाला. "आपल्याला खूश करायला ते जीव जाईपर्यंत ओढतं. म्हणून थांबायचं कधी, हे बघणं हाकणाऱ्याचं काम. ते कुत्र्यावर टाकून चालत नाही."

मग मुलांकडे वळून त्याने विचारलं, "तुमच्यापैकी कुणी असं दुखणं लपवून ठेवलंय का रे?"

शेवटच्या बाकावरच्या ओलिंकाने भुवया उचलल्या. आमच्याकडे 'हो' म्हणायला तेवढं पुरतं.

बाईंनी जाऊन तिच्या कपाळाला हात लावला. अंग भाजत होतं, श्वास वरवर चालला होता. तिचा खोकला त्यांनी दोन-तीनदा ऐकला होता, गरम पाणीही दिलं होतं. घरी मात्र पाठवलं नव्हतं. सगळ्यांत पुढची स्लेज ना तिची!

वसिलीच्या बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाईलवर तिला कवटाळून बाई दवाखान्यात पोचल्या. आरोग्यसेविका डोराने छाती तपासली, फोनवर डॉक्टरांशी बोलून न्यूमोनियाचं निदान केलं. शहरातून विमान मागवलं. वारा पडलेला होता म्हणून ते उतरू शकलं. आजी सोबत गेली. पोर रोज आपल्याला बरं आहे म्हणायची, एवढंच ती परत परत सांगत होती.

रविवारी आजीचा फोन आला. ताप उतरला होता, आणि इथलं जेवण आवडत नाही म्हणून ओलिंका कुरकुरत होती. ते ऐकून बाई खुर्चीत बसल्या आणि पोटभर रडल्या. वसिलीने चहा करून दिला.

सोमवारी वर्गात मुलांदेखत त्यांनी नकाशावरची 'थांबला तो संपला' ही पाटी काढली. माझं चुकलं, असं स्पष्ट सांगितलं. आजारी मूल घरी राहिलं तरी त्याची स्लेज मागे पडणार नाही, असं ठरलं. दोन-दोन मुलांच्या जोड्या लागल्या. रोज सकाळी जोडीदाराला कसं वाटतंय ते विचारायचं आणि बाईंना सांगायचं. हजेरी थोडी घटली. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं, तर बाईंनी तेही न कचरता सांगितलं.

काही आठवड्यांनी ओलिंका परतली. दुपारी ती बाईंच्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "टीचर, दमले मी. घरी जाऊ?"

"जा बाळा," बाई म्हणाल्या. जाड कोटाला जोडलेली टोपी त्यांनी स्वतः तिच्या डोक्यावर ओढून दिली. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

बंधुभगिनींनो, मुलांना धावायला जरूर शिकवा. पण आपल्या प्रेमापोटी मूल दुखणंही गिळतं, हे विसरू नका. त्याच्या छातीला कान लावणं हे आपलं काम आहे. आणि 'मी दमलो' असं ते निर्धास्तपणे म्हणू शकलं, तर आपण त्याला चांगलं वाढवलं असं समजा.