गळ्यात लिंग असलेला माणूस

संगणकाच्या पडद्यावरचा आणखी एक म्हातारा भुवनेश्वरीनं बाजूला सारला आणि पुढचा उघडला. शेजारच्या खुर्चीत उमादेवी पदर आवळून बसली होती. प्रत्येक फोटोला ती पुढं झुकायची, निरखून बघायची आणि मान हलवून पुन्हा मागं टेकायची. लेकीचं धाराशिवचं कॉलेज ती पहिल्यांदाच बघत होती. सकाळच्या एस.टी.नं माकणीहून येताना तिनं दशम्या बांधून आणल्या होत्या. त्यांना अजून दोघींपैकी कुणी हात लावला नव्हता.

अप्पा, म्हणजे भुवनेश्वरीचे वडील, हरवून दोन वर्षं होत आली होती. मल्लिकार्जुन हे त्यांचं नाव माकणीच्या भुसार दुकानावर अजून होतं. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून ती किती ओली आहे हे सांगणारा माणूस शेवटी शेवटी स्वतःच्या घराचं दार विसरायला लागला. एके सकाळी दुकान उघडायला म्हणून निघाला आणि दुकानापर्यंत पोचलाच नाही. मग काय, घरादारानं पायाला भिंगरी बांधली. सोलापूर झालं, गुलबर्गा झालं, तुळजापूरच्या पायऱ्यांवर बसलेला एकेक म्हातारा बघून झाला.

हरवलेल्या आणि सापडलेल्या माणसांच्या नोंदी सरकारी संकेतस्थळांवर हजारोंनी पडलेल्या असतात. पण तिथला शोध अक्षराला अक्षर जुळवायचा. घरचे लोक 'पटका' लिहिणार, नोंद करणारा 'रुमाल' लिहिणार, आणि माणूस मधल्या मधे राहून जाणार. कॉलेजातल्या सोमेशसरांनी शब्दाऐवजी अर्थ धरून शोधणारं यंत्र बांधायला घेतलं होतं. त्यासाठी कुणीतरी बसून यंत्राला समजावायला हवं होतं, की भ्रमिष्ट, विसराळू, 'स्वतःचे नाव सांगू शकत नाही' ही सगळी एकाच घरातली माणसं आहेत. मागच्या उन्हाळ्यात भुवनेश्वरीनं ते काम धरलं. माणसं पगारासाठी नोकरी धरतात. हिनं बापासाठी धरली होती, आणि सरांना तसं पहिल्याच दिवशी सांगूनही टाकलं होतं.

सगळ्यात जीव ओतून तिनं यंत्राला शिकवलं ते लिंग, गळ्यातलं इष्टलिंग. लिंगायताच्या गळ्यात ते जन्मापासून असतं, आणि मेल्यावरही ते त्याच्या तळहातावर ठेवून त्याला बसवून पुरतात. पण परक्या गावच्या लिहिणाऱ्याला हे कसं कळावं? तो ताईत लिहिणार, चांदीची डबी लिहिणार, फडक्यात बांधलेला काळा खडा लिहिणार. ते सगळं तिनं एका ठिकाणी आणून बांधलं. आणि स्वतःच्या शोधाला एक अट घातली, की हे ज्याच्या गळ्यात नाही तो म्हातारा मला दाखवूच नको. तिला आपल्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं. तक्रार द्यायला गेले तेव्हा उमादेवीनंच ठाण्यात ठासून सांगितलं होतं, की बाकी सगळं विसरतील, गळ्यातलं लिंग काढायचे नाहीत. तेव्हापासून रोज सकाळी आल्या आल्या भुवनेश्वरी तोच प्रश्न यंत्रापुढं टाकायची: विसराळू, मराठी-कानडी बोलणारा, दाणा चावून बघणारा म्हातारा, गळ्यात लिंग. कधी कुणी परका म्हातारा समोर यायचा, कधी तोही नाही. आज शेजारच्या राज्यातल्या बऱ्याच नोंदी नव्यानं जोडल्या होत्या, म्हणून तिनं आईला बोलावून घेतलं होतं.

शेवटच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात खरंच चांदीची डबी होती. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. पण माणूस भलताच होता.

संपले, असं भुवनेश्वरीनं सांगितलं. मग आईला धीर द्यायचा म्हणून ती बोलत सुटली. अजून काही शब्द राहिले असतील, कुणी त्याला पेटी म्हटलं असेल, कुणी लॉकेट म्हटलं असेल, ते उद्या घालते. बोलताना तिचं तिलाच ते पोकळ वाटत होतं. एवढ्या महिन्यांत तिला पहिल्यांदाच वाटलं, की आता पुरे.

उमादेवी पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.

"ते लिंगाचं काढ त्यातनं," ती म्हणाली.

भुवनेश्वरीनं तिला समजावलं, की तीच तर पक्की खूण आहे, ती काढली तर महाराष्ट्रातले सगळे म्हातारे समोर येऊन बसतील.

"येऊ दे. त्येंच्या गळ्यात नव्हतं."

भुवनेश्वरीनं खुर्ची आईकडं वळवली.

मग उमादेवी खाली मान घालून सांगत गेली. शेवटच्या दिवसांत ते सारखे लिंग काढायचे. एकदा ज्वारीच्या पोत्यात सापडलं, एकदा नळाखाली. तिसऱ्यांदा गटारीच्या कडेला कुणाला तरी मिळालं आणि त्यानं आणून दिलं, तेव्हा तिच्या काळजाचं पाणी झालं. ज्याचं लिंग हरवलं तो जिताच मेला, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. म्हणून ते झोपले असताना तिनंच ते काढून देवघरात ठेवलं. डोकं ठिकाणावर आलं की परत घालू म्हणाली. त्यांच्या वाटची पूजा ती करत राहिली.

"ठाण्यात सोबत मठाचे स्वामी हुते, भाऊबंद हुते. नवऱ्याच्या गळ्यातलं लिंग म्या काढलं, आसं कसं सांगू? तू पन हुतीस."

भुवनेश्वरीला ओरडावंसं वाटलं. आईला गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, की मला तरी सांगायचंस. पण समोर बसलेली बाई एवढीशी होऊन गेली होती. तिनं तोंड फिरवलं आणि ती अट पुसून टाकली.

यंत्राला पळभरही लागलं नाही. सगळ्यात वर आले ते अप्पाच होते.

दाढी वाढलेली, अंगात दवाखान्याचा सदरा, पण डोळे तेच, गिऱ्हाइकाकडं बघावं तसे. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यातली नोंद होती. वृद्ध, नाव सांगू शकत नाही, मराठी-कानडी मिसळून बोलतो, गळ्यात काही नाही, दिसेल तो दाणा चावून बघतो, नातेवाइकांनी संपर्क साधावा. नोंद ते हरवले त्याच महिन्यातली होती, यंत्रात पहिल्यापासून असलेली. खाली बारीक अक्षरात दोन ओळी नंतर जोडलेल्या होत्या. या संक्रांतीच्या सुमारास मृत्यू. वारस न आल्याने अग्निसंस्कार.

भुवनेश्वरीनं तारखा पुन्हा वाचल्या. मागच्या उन्हाळ्यात ती या खुर्चीत बसली तेव्हा अप्पा जिवंत होते. त्यानंतर रोज सकाळी तिनं विचारलं होतं, रोज यंत्राला ते ठाऊक होतं, आणि रोज तिच्याच सांगण्यावरून त्यानं त्यांना झाकून ठेवलं होतं. कुणाला दोष द्यावा हेही तिला कळेना.

"ह्येच," उमादेवी म्हणाली. तिनं पडद्याला बोट लावलं. "लई वाळलेत. हायत न्हवं?"

"न्हाईत, अव्वा. थंडीत गेले."

उमादेवी रडली नाही. बोट तिनं काचेवर त्या चेहऱ्यावर तसंच ठेवलं. तिला बारीक अक्षर दिसत नव्हतं, चष्माही घरी राहिला होता.

"बसवून पुरलं का त्येंला? आपल्यातल्यावानी?"

भुवनेश्वरीनं त्या दोन ओळींकडं पाहिलं. बिनलिंगाच्या म्हाताऱ्याची जात दवाखान्यातल्यांनी कशावरून ओळखावी? त्यांनी त्यांच्या परीनं चांगलंच केलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "पुरलं."

दोन वर्षांत पहिल्यांदा उमादेवीचे खांदे खाली आले. तिनं चोळीच्या गळ्यात हात घालून दोरा बाहेर ओढला. एक नाही, दोन दोरे होते. एकाला तिचं लिंग होतं आणि दुसऱ्याला अप्पांचं. ते हरवले त्या दिवसापासून ती दोन्ही गळ्यात घालून हिंडत होती. अप्पांचं तिनं डोक्यावरून काढून तळहातावर घेतलं.

"मग उद्याच जाऊ. ह्ये हातात द्यायचं राह्यलंय," ती म्हणाली. "स्वामींना घेऊ संगं. थोडी माती उकरली तरी चालंल. तू फकस्त जागा दाव."

भुवनेश्वरीनं मान डोलावली आणि गाडी किती वाजता आहे ते बघते म्हणाली.