मावशीने न पाहिलेला दिवाणखाना

जुनी प्रवासी बोट धक्क्याला कायमची बांधून तिचं हॉटेल करायचं ठरलं, तेव्हा आतल्या सजावटीचं काम भाचीकडे आलं. जुन्या बोटींची सजावट हाच तिचा अभ्यास. पण काम हाती आल्यापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्याचे फोटो होते, पण सगळे कृष्णधवल. खुर्च्यांचं कापड कुठल्या रंगाचं होतं, ते कुणालाच सांगता येईना. मालक तर घाई करून तिला भंडावून सोडत होते.

शेवटी तिने मावशीला बोटीवर आणलं. लग्नाआधी मावशी याच बोटीने या देशात आली होती. भाची लहानपणी जेवायला त्रास द्यायची, तेव्हा मावशी एकेक घास भरवत या दिवाणखान्याच्या गोष्टी सांगायची: काचेचा घुमट, पियानो, पाऊल रुतेल असा गालिचा. त्या ऐकूनच पोरीला हे वेड लागलं, असं घरात सगळे म्हणत.

मावशी दारातच घुटमळली. मग आत येऊन कामगारांच्या एका खुर्चीवर टेकली आणि लगेच उठली. रंग विचारला तर आधी निळा म्हणाली, मग हिरवा. भाची सांगत होती की त्या काळी दिवाणखाना मुद्दाम राजवाड्यासारखा करत, म्हणजे आपण समुद्रावर आहोत हेच प्रवाशांनी विसरावं. मावशी पर्सचा बंद पिळत राहिली.

"मी इथे कधी आलेच नाही गं," ती म्हणाली. "आम्ही तळाला होतो. वर यायला बंदी होती. एकदा जिन्यापर्यंत आले, तेव्हा पियानो ऐकू आला. बाकी सगळं माझ्या मनचं."

भाचीने दिवाणखान्यात दोन फेऱ्या मारल्या. आधी राग आला, मग त्या रागाचीच लाज वाटली.

"मग तळाचं का नाही सांगितलंस?"

"ते ऐकून तू जेवली असतीस?"

दोघी खाली उतरल्या. तिथे धुलाईघर करायचं म्हणून कामगार झोपायचे एकावर एक लोखंडी बंक गॅस कटरने कापत होते. निम्मा हॉल रिकामा झाला होता. भाचीने मुकादमाला थांबवलं आणि मालकांना फोन लावला. पाहुणे काय बंक बघायला येणार आहेत, असं ते म्हणाले. ती हटून बसली. बऱ्याच कुरबुरीनंतर एक कोपरा ठेवायला ते राजी झाले, पण दिवाणखाना वेळेत हवा या अटीवर.

भाचीकडच्या पुस्तकांत या हॉलचा एकही फोटो नव्हता. मावशी सांगत गेली, भाची चित्र काढत गेली. वरच्या बंकवर मावशी, खालच्यावर तिची बहीण, म्हणजे भाचीची आई, वाटभर उलट्यांनी बेजार; तिने त्या प्रवासाचा विषय पुढे कधी काढलाच नाही. बायकांनी दोरीवर चादरी टाकून आडोसे केले होते. कुणी खांबाला आरसा बांधला होता, आणि तिथे वेणी घालायला रांग लागायची.

"एवढा रुंद नव्हता बंक," मावशी चित्र बघून वैतागली. "कूस बदलली की शेजारीण जागी व्हायची."

दिवाणखान्यातल्या खुर्च्यांच्या कापडासाठी भाचीने आपल्याच अंदाजाने तांबडा रंग निवडला. तो सगळ्यांना आवडला, तिला मात्र आजही खात्री नाही.

हॉटेल सुरू झाल्यावर मावशी तळाचा कोपरा बघायला आली. चादरी फारच कडक इस्त्रीच्या आहेत म्हणाली, दोन्ही हातांनी त्या चुरगळल्या आणि चल, वर हवेत जाऊ, म्हणून जिन्याकडे निघालीसुद्धा.